कॅलेंडरच्या एका पानावर किती साम्राज्यं आहेत

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला कॅलेंडर टांगलेलं असतं, बहुतेक मराठी घरांत असतं तसंच, आणि त्यावर आई दुधाचे खाडे मांडते. ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या चौकोनात बारीक फुली, एक पिशवी जास्त घेतली तर अधिक एक. सिलिंडर कधी लावला, मावशी कामाला कधी आल्या नाहीत, लाइट बिल कधी भरलं, सगळं त्याच चौकोनांत. मला कितीतरी वर्षं वाटायचं की हा आपण केलेला जुगाड आहे, कॅलेंडर खरं तर सणवार आणि मुहूर्त बघायला असतं. मग वाचताना कळलं की लॅटिनमध्ये कॅलेंडारियम म्हणजे चक्क सावकाराची वही. रोममध्ये महिन्याच्या पहिल्या दिवसाला कॅलेंडी म्हणायचे, त्या दिवशी व्याज चुकतं करायचं असायचं, म्हणून कुणाकडून किती येणं आहे हे ज्या वहीत लिहायचे ती कॅलेंडारियम. म्हणजे आई जे करते तेच त्या वस्तूचं मूळ काम.

साम्राज्यांनी आजचं जग घडवलं असं म्हटलं की डोळ्यांसमोर लढाया येतात, नकाशे, रस्ते, कोर्टकचेऱ्या, भाषा. ते सगळं आहेच. पण मला विचाराल तर सगळ्यात खोल रुतून बसलेली गोष्ट तारीख आहे, कारण ती कुणीतरी ठरवलेली आहे हे आपल्या लक्षातच येत नाही, पाऊस पडतो तसा सोमवार येतो असंच वाटतं.

आता बघा, एकट्या गावाला तारखेची फारशी गरज नसते. मृग लागला की पेरणी, सुगी झाली की लग्नं, पौर्णिमेला जत्रा, झालं. पण राजा तीनशे कोसांवर बसलाय, त्याला हजार गावांतून सारा वसूल करायचाय, फौजेचा पगार द्यायचाय, कुणाला किती वर्षांसाठी इनाम दिलं ते लिहून ठेवायचंय, तर ‘अमुक तारखेच्या आत’ हे शब्द सगळ्या गावांत एकाच अर्थाने चालले पाहिजेत. म्हणून जे राज्य मोठं झालं त्याला आधी वर्ष, महिना, दिवस यांचा घोळ निस्तरावा लागला. आणि एकदा का लोकांचे व्यवहार त्या तारखेवर बसले की राज्य गेलं तरी तारीख जात नाही, कारण कर्ज, भाडं, पगार, पुण्यतिथी, सगळं तिच्यावर टांगलेलं असतं.

आधी वर्षाचंच घेऊ. सुरुवातीला राजे लोक वर्षं स्वतःपासून मोजायचे. अशोकाच्या लेखांत ‘राज्याभिषेकाला बारा वर्षं झाल्यावर’ अशा पद्धतीने काळ सांगितलाय. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीचे लेख आहेत, तिथेही वर्ष १८, वर्ष २४, म्हणजे त्याच्या राज्याचं अठरावं, चोविसावं. यात अडचण अशी की राजा गेला की मीटर परत शून्यावर, दोनशे वर्षांपूर्वीचा कागद लावायचा तर मधल्या सगळ्या राजांची यादी तोंडपाठ पाहिजे. हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मोडलं ते अलेक्झांडरच्या एका सेनापतीच्या घराण्यात. सेल्युकसने बॅबिलोन ताब्यात घेतलं तिथून, म्हणजे इसवी सनपूर्व ३१२-३११ पासून मोजणी सुरू झाली, आणि तो गेल्यावर त्याच्या पोराने, अँटायोकसने, नवीन मोजणी सुरू न करता बापाचीच पुढे चालू ठेवली. ऐकायला एवढीशी गोष्ट, पण आता वर्षाचा आकडा कुणाच्या मरणाने थांबणार नव्हता. सेल्युकसचं राज्य पुढे रोमन आणि पार्थियन लोकांनी गिळलं तरी ही मोजणी पश्चिम आशियातल्या ज्यू आणि सिरियन ख्रिस्ती लोकांत हजाराहून जास्त वर्षं चालली.

आपल्याकडे तसंच झालं शकाचं. इसवी सन ७८ पासून मोजलेला शक पश्चिमेकडच्या क्षत्रपांच्या, म्हणजे तिथल्या शक राजांच्या लेखांत दिसतो, जुनागडच्या रुद्रदामनच्या लेखात वर्ष ७२ आहे, म्हणजे इसवी सन १५०. या शक लोकांना गौतमीपुत्राने हरवलं, त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, नाशिकच्याच लेण्यात तो शक, यवन आणि पह्लवांचा नाश करणारा होता असं कोरून ठेवलंय. पण त्याची स्वतःची वर्षं त्याच्या घराण्याबरोबर संपली, आणि शक मात्र राहिला, इतका की पुढे मराठीत ‘शक’ म्हणजेच कुठलीही कालगणना असा अर्थ झाला आणि लोकांनी त्याला शालिवाहनाचं नाव देऊन आपलंसं केलं. १६७४ साली शिवाजी महाराजांनी नवीन राज्याभिषेक शक सुरू केला तो याच अर्थाने, आणि तो का केला हे वरच्या सगळ्यावरून कळतं, स्वतंत्र राज्य म्हणजे कागदावर दुसऱ्या कुणाचं वर्ष लिहायचं नाही.

आणि आपण बिनदिक्कत म्हणतो तो ‘इसवी सन’. वर्षं येशूच्या जन्मापासून मोजायची ही कल्पना ५२५ साली रोममधल्या डायोनिशियस नावाच्या एका साधूने मांडली, तोपर्यंत तिथे ईस्टरच्या तक्त्यांत डायोक्लेशियन बादशहापासून वर्षं मोजत होते आणि त्या बादशहाने ख्रिस्ती लोकांचा अतोनात छळ केलेला, त्याचं नाव कशाला चालू ठेवायचं म्हणून हा बदल. त्याच्याकडे शून्य नव्हता, म्हणून इसवी सनपूर्व १ नंतर एकदम इसवी सन १ येतं. पण मराठीतले शब्द बघा ना, ‘इसवी’ म्हणजे इसाचं, ‘सन’ म्हणजे वर्ष, दोन्ही अरबी. ‘तारीख’ अरबी, ‘साल’ फारसी. कर्जाचा ‘हप्ता’ पण फारसी, हफ्त म्हणजे सात, सात दिवसांचा तो हप्ता. रोमच्या साधूने काढलेली मोजणी आपण सुलतानांच्या दफ्तरातल्या शब्दांनी बोलतो.

आता महिने. सप्टेंबर म्हणजे सातवा, ऑक्टोबर आठवा, नोव्हेंबर नववा, डिसेंबर दहावा, हे नावातच आहे, मग ते नववे ते बारावे कसे झाले? कारण रोमचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. मार्च म्हणजे मार्स, युद्धाचा देव, थंडी संपली की मोहिमा सुरू, आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन तसं. रोममध्ये दरवर्षी दोन कॉन्सल निवडून यायचे, तेच फौजेचे प्रमुख, आणि ते १५ मार्चला सूत्रं घ्यायचे. इसवी सनपूर्व १५३ साली स्पेनमध्ये बंड झालं, कॉन्सलला लवकर निघणं भाग होतं, म्हणून त्याने १ जानेवारीलाच काम सुरू करावं असं ठरलं आणि मग तेच कायम झालं. ३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजता सगळं जग जे करतं ना, त्याच्या मुळाशी स्पेनमधली ही एक घाईची मोहीम आहे.

त्या काळात रोमचं वर्ष ३५५ दिवसांचं होतं, ऋतूंशी मेळ बसवायला पुरोहित मधूनमधून जादा महिना घालायचे, आपल्या अधिकमासासारखा. फरक एवढाच की अधिकमास गणिताने येतो आणि तिथे तो पुरोहितांच्या मर्जीवर होता, हे पुरोहित राजकारणातलेच, मग आपला माणूस पदावर असला की वर्ष लांबवायचं, विरोधक असला की महिना घालायचाच नाही. असं करत करत तारखा ऋतूंपासून सुमारे तीन महिने सरकल्या. ज्युलियस सीझर स्वतः मुख्य पुरोहित होता, त्याने अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनिस या जाणकाराचा सल्ला घेतला आणि इजिप्तसारखं ३६५ दिवसांचं वर्ष धरून दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवला. मागचा घोळ भरून काढायला इसवी सनपूर्व ४६ हे वर्ष तब्बल ४४५ दिवसांचं करावं लागलं. ४५ च्या १ जानेवारीपासून नवीन पद्धत, आणि पुढच्याच वर्षी १५ मार्चला त्याचा खून. त्याच्या जन्माच्या महिन्याला जुलै नाव मिळालं, नंतर ऑगस्टसच्या नावाने ऑगस्ट, कारण त्या महिन्यात त्याने अलेक्झांड्रिया जिंकून इजिप्त घेतलं. ते व्हॉट्सॲपवर फिरतं ना, की ऑगस्टसने जुलैची बरोबरी करायला फेब्रुवारीतला एक दिवस काढून घेतला, ते खरं नाही. फेब्रुवारी आधीपासूनच २८ चा होता आणि ऑगस्टचा महिना ३१ चा सीझरच्याच सुधारणेत झाला. नीरोने एप्रिलला स्वतःचं नाव दिलं, डोमिशियनने सप्टेंबर आणि ऑक्टोबरला, कॉमोडसने तर बाराच्या बारा महिन्यांना, त्यातलं काहीच टिकलं नाही.

सीझरच्या वर्षात एक बारीक चूक होती, ते खऱ्या वर्षापेक्षा साधारण ११ मिनिटांनी मोठं. ११ मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण १२८ वर्षांत एक दिवस सरकतो. १५८२ पर्यंत वसंतसंपात, म्हणजे मार्चमधला दिवस-रात्र सारखी असण्याचा दिवस, दहा दिवस मागे आला, ईस्टरचा हिशोब बिघडला, म्हणून पोप तेरावा ग्रेगरी याने ठरवलं की गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर शुक्रवार १५ ऑक्टोबर. स्पेन, पोर्तुगाल, पोलंड यांनी लगेच मानलं. इंग्लंड पोपला मानत नव्हतं, त्यांनी १७५२ पर्यंत ताणलं, मग बुधवार २ सप्टेंबरनंतर गुरुवार १४ सप्टेंबर. रशियाने तर १९१८ पर्यंत.

याचा आपल्याशी संबंध आहे आणि तो चांगलाच आहे. सतराव्या शतकात गोव्यातला पोर्तुगीज अधिकारी आणि सुरतेच्या वखारीतला इंग्रज एकाच दिवशी पत्र लिहायला बसले तर दोघांच्या तारखेत दहा दिवसांचा फरक. मुंबई तर आधी पोर्तुगीजांची, म्हणजे पोपच्या तारखेवर, १६६५ साली इंग्रजांनी ताबा घेतला आणि शहराच्या सरकारी कागदांवरची तारीख दहा दिवस मागे गेली. आणि आपण शिवाजी महाराजांच्या ज्या तारखा लहानपणापासून पाठ करतो, जन्म १९ फेब्रुवारी १६३०, राज्याभिषेक ६ जून १६७४, निधन ३ एप्रिल १६८०, त्या सगळ्या जुन्या ज्युलियन पद्धतीच्या आहेत. आजच्या पद्धतीने लावल्या तर १ मार्च, १६ जून आणि १३ एप्रिल येतात. तिथी कुठेच बदलत नाही, फाल्गुन वद्य तृतीया ती तृतीयाच, फक्त तिच्यावर लावलेलं रोमन लेबल दोन प्रकारचं आहे. इतिहासाचे कागद वाचणाऱ्या माणसाला हे पहिल्या दिवशी शिकवायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, नाहीतर दोन पत्रांत दहा दिवसांचा फरक दिसला की लगेच कुणीतरी खोटं लिहिलंय अशी शंका येते.

वरच्या तारखा परत एकदा बघा, गुरुवारनंतर शुक्रवार, बुधवारनंतर गुरुवार. आकडे दहा-अकरा दिवस उडाले पण वार तुटला नाही. पोपला तारखा बदलता आल्या, वाराला त्यानेही हात लावला नाही, कारण वार तोपर्यंत त्याच्यापेक्षाही जुना आणि पक्का झालेला.

वारांचं गणित मला या सगळ्यात जास्त आवडतं. रवि, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, हा क्रम का? अंतराने नाही, आकाराने नाही, तेजाने नाही. हे बोटांवर मोजून बघण्यासारखं आहे, खरंच मोजा. आकाशात सगळ्यात हळू चालणारा शनी, फेरीला साडेएकोणतीस वर्षं, मग गुरू बारा, मंगळ दोनच्या आत, मग रवी एक वर्ष, मग शुक्र, बुध आणि सगळ्यात चपळ चंद्र. हळू ते जलद असा हा क्रम ग्रीकांच्या वेळी पक्का झाला, त्यामागे बॅबिलोनच्या लोकांनी शेकडो वर्षं मातीच्या पाट्यांवर टिपलेली निरीक्षणं. दिवसाचे चोवीस भाग ही इजिप्तची पद्धत. अलेक्झांडरच्या जिंकण्याने हे तिन्ही प्रदेश एकाच भाषेच्या धाग्यात आले आणि त्यातून कुणीतरी प्रत्येक तासाला एक मालक दिला, पहिला तास शनीचा, दुसरा गुरूचा, तिसरा मंगळाचा, रवी, शुक्र, बुध, चंद्र, आठवा परत शनीचा. असं करत पंधरावा शनीचा, बाविसावा शनीचा, तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा, दिवस संपला. दुसऱ्या दिवसाचा पहिला तास कुणाचा? रवीचा. म्हणून शनिवारनंतर रविवार. तिथून परत चोवीस मोजा, तिसऱ्या दिवसाचा पहिला तास चंद्राचा येतो, सोमवार. त्याच्या पुढचा मंगळाचा. सगळा आठवडा असाच पडतो, एकही वार चुकत नाही.

या तासाला ग्रीक शब्द होता होरा. पंचांगात आजही होरा बघतात, कुंडली मांडतात ते होराशास्त्र, तो हाच शब्द, आणि कुंडलीतलं ‘केंद्र’ पण ग्रीक केंट्रॉनवरून आलेलं. सहाव्या शतकात वराहमिहिराने ग्रहगणिताचे पाच सिद्धांत एकत्र मांडले त्यातल्या एकाचं नावच रोमक सिद्धांत, रोमचा. आपल्या लोकांनी ते घेतलं, तपासलं आणि त्यावर स्वतःचं मोठं गणित उभं केलं, घेण्यात कमीपणा मानला नाही. भारतात वाराचा उल्लेख असलेला जुना पक्का लेख मध्य प्रदेशात एरणच्या खांबावर आहे, गुप्त राजा बुधगुप्ताच्या वेळचा, इसवी सन ४८४, आणि तो वार गुरुवार.

रविवारची सुट्टी मात्र वेगळ्या वाटेने आली. ३२१ साली कॉन्स्टंटाइन बादशहाने सूर्याच्या दिवशी कोर्टकचेऱ्या आणि शहरातले धंदे बंद ठेवायचा हुकूम काढला, शेतकऱ्यांना सूट होती. तीच सुट्टी इंग्रज साहेबांबरोबर मुंबईत आली पण ती साहेबांपुरती, गिरणीतल्या माणसाला रोजचंच मरण. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांना एकत्र करून मागणी लावून धरली आणि १० जून १८९० ला गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, त्यामुळे कामगारांना तो परका वाटायचं कारणच नव्हतं. हुकूम रोमन बादशहाचा असला तरी आपल्याकडचा रविवार या माणसाने भांडून मिळवलाय, आणि ते नाव दर रविवारी आठवलं पाहिजे.

पैशाचं वर्ष हा अजून वेगळाच प्रकार. हिजरी वर्ष चंद्राचं, साधारण ३५४ दिवसांचं, आणि पीक चालतं सूर्यावर. सूर्याची ३३ वर्षं होतात तेव्हा हिजरी ३४ होतात, म्हणजे हिजरीवर सारा घेतला तर कुणब्याने ३३ पिकांत ३४ वेळा सारा भरायचा. हे चालणारं नव्हतं, म्हणून अकबराने फसली साल काढलं, आणि दख्खनमध्ये त्याच्याही आधीपासून शुहूर सन होता, वर्षाचा आकडा मुळात हिजरीवरून घेतलेला पण सुरुवात मृगाला. मराठेशाहीच्या मोडी कागदांवर हाच सन असतो आणि आकडे अरबी शब्दांत, ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे पाच, सत्तर, हजार, झाले १०७५, ते राज्याभिषेकाच्या सुमाराचं वर्ष. अरबी आकडे, मराठी भाषा, मोडी लिपी आणि मृगाचा पाऊस, सगळं एका ओळीत. इंग्रज आले आणि सरकारी हिशोबाचं वर्ष आधी १ मे पासून धरायचे, १८६७ पासून लंडनच्या हिशोबाशी जुळवून ते १ एप्रिल केलं. बँकेत, दुकानात, सीएच्या ऑफिसात मार्च एन्डिंगला रात्रीचे अकरा वाजतात ते त्यामुळे. आपलं पीक, पाऊस, दिवाळीचं वहीपूजन, कशाशीच त्या ३१ मार्चचा संबंध नाही.

शेवटचं घड्याळ. पूर्वी प्रत्येक शहराची वेळ स्वतःची, सूर्य डोक्यावर आला की बारा. रेल्वे आणि तारखातं आल्यावर हे जमेना. १८८४ साली वॉशिंग्टनमध्ये २५ देशांचे प्रतिनिधी जमले आणि शून्य रेखांश लंडनजवळच्या ग्रीनिचचा धरायचं ठरलं, मुख्य कारण जगातल्या बहुतेक बोटी तेव्हा ब्रिटिश नकाशे वापरत होत्या. फ्रान्स मतदानात तटस्थ राहिला आणि १९११ पर्यंत पॅरिसचीच वेळ धरून बसला. भारतात १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची एकच वेळ लागू झाली, आणि मुंबईकर चिडले. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे, म्हणजे हुकूम पाळायचा तर गिरणीचा भोंगा सूर्याच्या हिशोबाने ३९ मिनिटं आधी, अंधारातच. बंगालची फाळणी नुकतीच झालेली, लोक आधीच तापलेले, त्यात ही वेळ म्हणजे सरकारी जबरदस्तीच वाटली. कामगारांनी विरोध केला, सभा झाल्या, आणि महापालिकेने आपली घड्याळं मुंबई टाइमवर ठेवली. त्यामुळे कितीतरी वर्षं या शहरात स्टेशनचं घड्याळ एक वेळ दाखवायचं आणि शहरातलं दुसरी, कुणाला भेटायची वेळ द्यायची तर स्टँडर्ड का मुंबई हे विचारून घ्यावं लागायचं. मुंबई टाइम बंद झाला १९५५ साली, इंग्रज जाऊन सात-आठ वर्षं झाल्यावर.